नगराचा कोश : अंदाजपत्रकाचे वाचन आणि आपण

(रत्नागिरी येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय रूक्ष आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. सीमेवरील परिस्थिती, घुसखोरी, इतिहासाचे विकृतीकरण या विषयांवर व्याख्यान ठेवले तर सतरंज्या अपुऱ्या पडतात. नगरपरिषदेच्या जमाखर्चावर बोलायचे म्हटले की आयोजकांच्याच चेहऱ्यावर चिंता दिसू लागते. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. राष्ट्रजीवनाचा विचार आपण मोठ्या भाषेत करतो. पण त्या जीवनाशी सामान्य माणसाचा रोजचा संबंध येतो तो नळ, गटार, दिवा, रस्ता आणि कचऱ्याची गाडी यांच्या द्वारे. या पाचही गोष्टींचे वर्षभराचे भवितव्य एका कागदावर ठरते आणि तो कागद आपल्यापैकी कोणी वाचलेला नसतो.

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी येते. अमुक नगरपरिषदेचे अमुक कोटींचे, इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. कोणतीही करवाढ नाही. आपण ती वाचतो, ‘शिलकी’ हा शब्द पाहून समाधान पावतो आणि पान उलटतो. माझे आजचे सारे बोलणे त्या एका शब्दाभोवती आहे.

प्रथम प्रसंग सांगतो, कारण तो साधा नाही. रत्नागिरी नगरपरिषद १८७६ साली स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा; म्हणजे आपले नगर त्याच्याही आधीचे. दीडशे वर्षांची परंपरा असलेल्या या संस्थेत डिसेंबर २०२१ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि नंतर चार वर्षे सभागृहच नव्हते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचे वाद, न्यायालयीन तारखा यांत निवडणुका अडकल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला, डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांचे मतदान झाले आणि २१ डिसेंबरला निकाल लागले. मधल्या काळात २०२२-२३ पासून २०२५-२६ पर्यंतची चार अंदाजपत्रके प्रशासकांनी मंजूर केली. प्रशासकांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी कायद्याने दिलेले काम केले. परंतु अंदाजपत्रक तयार करणारा आणि त्याला मंजुरी देणारा एकाच यंत्रणेतला असला की त्यात ‘मत’ नावाची गोष्ट उरत नाही. आता सभागृह परत आले आहे. आणि म्हणूनच विचारायचे आहे की, जे मत परत मिळाले त्याचा उपयोग आपण काय करणार? दहा मिनिटांत बाके वाजवून अंदाजपत्रक मंजूर करायचे असेल, तर गेल्या चार वर्षांत आणि पुढच्या पाच वर्षांत फरक तो कोणता?

कायद्याची रचना थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ या कायद्याच्या कलम १०१ मध्ये अंदाजपत्रकाची तरतूद आहे. मुख्याधिकाऱ्यांनी ते तयार करायचे, स्थायी समितीने तपासायचे आणि परिषदेने खास सभेत, नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, त्यावर निर्णय घ्यायचा. कायद्याने यासाठी वेगळी खास सभा सांगितली, याचे कारण उघड आहे. इतर पन्नास विषयांच्या गर्दीत हा विषय उरकला जाऊ नये. प्रत्यक्षात सदस्यांच्या हाती जाडजूड पुस्तिका पडते, लेखाशीर्षांची पाने कोणी उलटत नाही, प्रत्येक सदस्य आपल्या प्रभागातील पाखाडी किंवा संरक्षक भिंत त्यात आहे की नाही एवढे पाहतो आणि असेल तर हात वर करतो. खर्चाची बाजू सर्वांना वाचता येते. जमेची बाजू वाचणारा सदस्य मला क्वचितच भेटला.

जमेची बाजू कशी वाचावी याचा धडा देणारा पुरुष आपल्याच जिल्ह्यातला होता. आपण टिळक आळीतील लोकमान्यांच्या जन्मस्थानासमोर नतमस्तक होणारी माणसे. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मवाळ राजकारणाविषयी आपल्या मनात फारसे प्रेम नाही आणि ते असावे असा माझा आग्रहही नाही. पण गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, ते प्रत्येक नगरसेवकाने अभ्यासावे असे आहे. सरकार त्या वर्षी मोठी शिल्लक दाखवत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश पोळलेला असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे राज्यकारभार उत्तम चालला आहे, असा सरकारचा सूर होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले की, ही शिल्लक लोकांच्या समृद्धीतून आलेली नाही. रुपयाचा भाव पडलेला असताना वाढवलेले कर तो भाव सुधारल्यावरही तसेच ठेवल्यामुळे ती पडली आहे. मीठ महाग करून जमवलेली ती शिल्लक होती. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. सरकारी पक्षाची बाके भरलेली असताना एका अल्पमतातल्या सभासदाने आकड्यांच्या बळावर ‘शिल्लक’ या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. त्यांच्या मवाळपणाशी आपला वाद कायम ठेवूनही हे शिकता येते.

आता आपल्या नगरांकडे येऊ. गोखल्यांच्या काळातील शिल्लक निदान खरी होती. पैसा तिजोरीत होता. आपल्याकडे अनेकदा शिल्लक कागदावरच असते. हे उदाहरणाने सांगतो. आकडे काल्पनिक आहेत, सोयीसाठी घेतले आहेत. ते कोणत्याही एका नगरपरिषदेचे नाहीत. समजा, शंभर कोटींचे अंदाजपत्रक आहे. जमेच्या बाजूला आरंभीची शिल्लक तीस कोटी, शासकीय अनुदाने पंचेचाळीस कोटी, स्वतःचे उत्पन्न वीस कोटी आणि ठेवी-अनामती वगैरे पाच कोटी. खर्च नव्याण्णव कोटी ऐंशी लाख. म्हणजे वीस लाखांचे शिलकी अंदाजपत्रक. बातमी तयार झाली.

आता एकेक ओळ उघडून पाहा. आरंभीच्या शिलकेतील तीस कोटी म्हणजे काय? त्यातला बहुतांश पैसा निरनिराळ्या योजनांचा अखर्चित निधी असतो. पाणी योजनेसाठी आलेला पैसा पाणी योजनेवरच खर्च करायचा असतो, घनकचऱ्याचा घनकचऱ्यावर. शिवाय त्यात ठेकेदारांच्या अनामती असतात. तो पैसा दुसऱ्याचा, आज ना उद्या परत द्यायचा. याला शिल्लक म्हणणे म्हणजे शेजाऱ्याने लग्नासाठी आपल्याकडे ठेवायला दिलेले दागिने आपल्या संपत्तीत मोजण्यासारखे आहे. पुढची ओळ अनुदानांची. पंचेचाळीस कोटी धरले आहेत. पण मागील वर्षी किती धरले होते आणि प्रत्यक्ष किती आले? समजा, पंचेचाळीस धरले आणि अठरा आले. मग यंदा पुन्हा पंचेचाळीस कोणत्या आधारावर? आता स्वतःचे उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीचे शुल्क मिळून वीस कोटी. ही ‘मागणी’ असते, तीत जुनी थकबाकीही मिळवलेली असते. गेल्या वर्षी वसुली झाली तेरा कोटी. आणि टाळता न येणारा खर्च? शासनाच्या सहायक अनुदानातून भागत नाही तेवढे पगार व निवृत्तिवेतन, पाण्याच्या पंपांचे वीजबिल, दिवाबत्ती, कचरा उचलण्याचा ठेका, दुरुस्त्या, हे सारे धरून पंधरा कोटी. तेरातून पंधरा वजा करा. वीस लाखांची शिल्लक दाखवणारे नगर वास्तविक दोन कोटींच्या तुटीत आहे.

ही तूट कशी भरली जाते? ती भरली जात नाही, पुढे ढकलली जाते. वीजबिल थकते. ठेकेदाराचे देयक सहा महिने अडकते. मग पुढच्या निविदेत तो ते व्याज आधीच धरून दर भरतो. सफाई कामगाराचा पगार उशिरा होतो. पहाटे सर्वांच्या आधी उठून आपल्या दारातला कचरा उचलणारा तो बांधव या ‘शिलकी’ शब्दाची खरी किंमत चुकवत असतो. समरसतेवर आपण व्याख्याने देतो. तेव्हा त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा वेळेवर होतो की नाही, हे विचारणे हाही समरसतेचाच भाग आहे, असे मला वाटते.

हे सारे आजच्या काळाचे पाप आहे, असेही समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार मोजून सांगितले आहेत. त्यांत पैसा सरळ खिशात घालणे हा एखादाच. बाकी बहुतेक प्रकार लेखनाचे आहेत. आधी आलेले नंतर आले असे दाखवणे, जे वसूल होणारच नाही ते वसूल झाले असे लिहिणे, थोडे मिळालेले पुष्कळ म्हणून नोंदवणे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या या द्रष्ट्याला ठाऊक होते की, राज्याची हानी पेटी फोडणाऱ्या चोरापेक्षा वही लिहिणाऱ्या हाताकडून अधिक होते. मी कोणावर अपहाराचा आरोप करीत नाही. फुगवलेल्या अंदाजपत्रकात बहुधा कोणाचाही वैयक्तिक स्वार्थ नसतो. प्रत्येक सदस्याच्या प्रभागातील काम त्यात बसवायचे असते आणि करवाढ करायची नसते. तेव्हा जमेचा आकडा ओढून खर्चाएवढा केला जातो. सर्वांचे समाधान होते. वर्षाच्या शेवटी निम्मी कामे न झाल्याचे कोणी विचारत नाही, कारण तोवर पुढचे शंभर कोटींचे पुस्तक छापून झालेले असते.

नगरे अशी परावलंबी का झाली, याचे एक मोठे कारण जकातीत आहे. एके काळी जकात हे नगरपालिकांचे हुकमी उत्पन्न होते. नाक्यावर रांगा लागत, भ्रष्टाचार होई, व्यापारी त्रासत. म्हणून नगरपरिषद क्षेत्रातील जकात १९९९ मध्ये रद्द झाली. ते योग्यच झाले. पण तिच्या जागी आलेले सहायक अनुदान शासनाकडून यायचे असल्यामुळे, नगरपालिकेची नजर गावातल्या बाजाराकडून मंत्रालयाच्या पायऱ्यांकडे वळली. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नगरांसाठी लिहून ठेवले; विषय आले, त्यांच्या प्रमाणात पैसा उभारण्याची ताकद आली नाही. आज नगराध्यक्षाचे कर्तृत्व ‘किती निधी आणला’ यावर मोजले जाते. फलकावर कोटींचे आकडे असतात. निधी आणणे वाईट नाही. कोकणासारख्या प्रदेशात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगरउतारावर वसलेल्या गावाला रस्ते आणि संरक्षक भिंती यांचा खर्च देशावरच्या गावापेक्षा निश्चित अधिक येतो, आणि तो एकट्या छोट्या नगराने पेलावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण आलेला निधी बांधकामाचा असतो, देखभालीचा नसतो. उद्यान बांधायला पैसा मिळतो, त्याला माळी नेमायला मिळत नाही. शिवाय बहुतेक योजनांत नगराचा स्वहिस्सा भरावा लागतो. तो कोठून येणार? घरपट्टीतून. म्हणजे सारे वळून पुन्हा आपल्या उंबऱ्याशी येते.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जी अनुदाने दिली, त्यांतील साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधलेली होती. अनुदानाला दोन अटीही घातल्या होत्या. एक, नगरांनी आपले हिशेब जनतेसाठी खुले करावेत. दुसरी, मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीबरोबर वाढत जावी. दिल्लीतून आलेली ही अट वाचून मला थोडा संकोच वाटला. आपण आपला कर भरावा, हे आपल्याला दिल्लीने सांगावे लागले.

आता थोडे कडू बोलतो. थकबाकीदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोणीतरी बडा बिल्डर किंवा दुसऱ्या पक्षाचा पुढारी येतो. तेही असतातच. पण कोणत्याही कोकणी नगराची थकबाकीची यादी काढा. बंद घरांची नावे किती दिसतील पाहा. वडिलोपार्जित घर, सात सहहिस्सेदार, चौघे मुंबई-ठाण्यात, एक पुण्यात, एक परदेशात. प्रत्येकाला वाटते घरपट्टी दुसरा भरत असेल. गणपतीला सारे एकत्र येतात, घराला रंग काढायचा की नाही यावर रात्रभर चर्चा करतात, घरपट्टीचा विषय निघत नाही. शाळा, महाविद्यालय, बँक यांत सन्मानाने नोकरी करून निवृत्त झालेली, उत्पन्नावरील कर वेळेवर भरणारी सुसंस्कृत कुटुंबे या यादीत असतात. चतुर्थवार्षिक करआकारणीच्या नोटिसा निघाल्या की हरकतींची रांग लागते. खऱ्या अन्यायाविरुद्ध हरकत घेतलीच पाहिजे. पण दोन खोल्या वाढवून त्या आकारणीत येऊ नयेत म्हणून ओळखीच्या नगरसेवकाला दूरध्वनी करणारे आपल्यातही आहेत. वेळेवर कर न भरणाऱ्यास कायद्याने दरमहा दोन टक्के शास्ती लागते. मग ती साचते, मग ती माफ करावी अशी मागणी होते, आणि अभय योजना आली की दहा वर्षे नेमाने कर भरणारा निवृत्त शिक्षक स्वतःलाच मूर्ख समजू लागतो. त्या शिक्षकाच्या बाजूने सभागृहात एकदाही कोणी उठून बोलत नाही.

पाण्याचेही असेच. पानवलहून रत्नागिरीला पाणी नैसर्गिक उताराने येत असे. त्याला विजेचा खर्च नव्हता. शहर वाढले, शीळ धरणाचे पाणी आले. ते पंपाने चढवावे लागते आणि प्रत्येक बादलीबरोबर वीज खर्च होते. मांडवीच्या किनाऱ्यावरील घरालाही ते हवे आणि माळनाक्याच्या उंचीवरील घरालाही. पाणीपट्टी वाढवण्याचा विषय आला की सर्व पक्ष एक होतात. मग जुन्या वाहिन्या फुटत राहतात, गळतीतून शुद्ध केलेले पाणी वाहून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर जो खर्च होतो तो याच अंदाजपत्रकातून होतो. गरिबाचा पहिला हंडा स्वस्तच असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पंडित दीनदयाळजींचा अंत्योदय पाण्याच्या दरातही दिसला पाहिजे. पण हॉटेल, लॉज आणि मजल्यांवर मजले चढवलेली संकुले यांना त्याच दयेच्या दराने पाणी देणे हा अंत्योदय कसा म्हणावा?

नगराच्या हद्दीचा प्रश्नही येथे सांगितला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी नगरपरिषदेची लोकसंख्या ७६,२२९ होती. पण सकाळी दहा वाजता मारुती मंदिरापासून राम आळीपर्यंत जी गर्दी दिसते ती एवढ्यांचीच नसते. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे ही गावे शहराला चिकटून वाढली. त्यांचा कर त्यांच्या ग्रामपंचायतींकडे जातो आणि त्यांतील माणसे बाजार, रस्ते, महाविद्यालय, मिरकरवाड्याचा मासळीबाजार शहरात येऊन वापरतात. ही वाढ थांबणारी नाही. हद्दवाढ करावी की दोन्ही संस्थांनी खर्च वाटून घ्यावा, हा चर्चेचा विषय आहे. ग्रामपंचायतींची भीतीही समजण्यासारखी आहे. माझा मुद्दा एवढाच की, अंदाजपत्रकावरील चर्चेत हा विषय कधी निघतच नाही.

काही जण म्हणतील, हे सारे पाश्चात्त्य लोकशाहीचे सोपस्कार आहेत. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातील अनेक लहान गावांत आजही वर्षातून एकदा गावसभा भरते, मतदार स्वतः जमतात आणि शाळेला किती, बर्फ उचलायला किती, यावर हात वर करून मत देतात. ते अनुकरणीय आहेच. पण त्याहून पुष्कळ जुना पुरावा आपल्या घरात आहे. तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथील देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सन ९२० च्या आसपासचे दोन शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून चिठ्ठ्या टाकून निवड, तलावाची वेगळी समिती, बागांची वेगळी, सोन्याच्या तपासणीची वेगळी. सदस्यत्व एका वर्षाचे. आणि त्यातला जो नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो असा की, पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो पुन्हा निवडीस अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. नातेवाइकांचे कलम वाचून आजच्या अनेकांना घाम फुटेल! ती सभा सर्वांसाठी खुली नव्हती, मालमत्तेच्या आणि विद्येच्या अटी होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आज मताचा अधिकार सर्वांना आहे. हिशेबाची ती कडक शिस्त मात्र आपण हजार वर्षांत गमावून बसलो.

रत्नागिरीला दातृत्वाची मोठी परंपरा आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने पतितपावन मंदिर उभारले आणि १९३१ मध्ये ते सर्व हिंदूंसाठी खुले झाले. आजही मंदिर, वाचनालय, रुग्णवाहिका यांसाठी हात पुढे केला तर येथे कोणी विन्मुख पाठवत नाही. मात्र गटार देणगीवर चालत नाही. कचऱ्याच्या गाडीवर दात्याचे नाव घालण्याची हौस मी तरी पाहिलेली नाही. ज्या कामात कीर्ती नाही आणि जे रोज करावे लागते, त्यासाठीच कर असतो. मंदिराला देणगी देणाऱ्या हाताने घरपट्टी थकवली, तर त्या दानाचा हिशेब पुरता जुळत नाही.

आपल्या विचाराचे जे नगरसेवक निवडून आले आहेत, आणि जे इतर पक्षांतून आले आहेत, दोघांकडेही आपण सारख्याच आपुलकीने आणि सारख्याच कठोरपणे जावे. रामभाऊ म्हाळगी लोकप्रतिनिधी असताना दर वर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत असत. त्यांच्या नावाने उभी राहिलेली प्रबोधिनी आज लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. तेथे जाऊन आलेल्या सदस्याने परतल्यावर प्रभागात एक कागदी अहवाल तरी वाटावा, ही अपेक्षा जास्त नाही. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. रत्नागिरी त्या मानाने कितीतरी लहान. येथे प्रभागातील शंभर माणसे एका देवळाच्या सभामंडपात बसू शकतात.

म्हणून आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. प्रत्येक प्रभागातून दोघांनी नाव द्यावे. त्यांतील एक महिला असावी. लेखापाल, बँकेतून निवृत्त झालेले, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी यांना प्राधान्य. अंदाजपत्रकाची प्रत नगरपरिषदेकडून अर्ज करून घ्यायची. मिळाली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पुस्तिकेत मागील वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज हे स्तंभ शेजारी-शेजारी असतात. सुरुवातीला फक्त जमेची बाजू घ्या आणि प्रत्येक ओळीवर ‘धरले किती, आले किती’ एवढेच पेन्सिलीने लिहा. मग खर्चात महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखलेले प्रत्येकी पाच टक्के प्रत्यक्ष किती खर्च झाले ते पाहा. हा निधी अनेक ठिकाणी मार्चअखेर तसाच पडून असतो. त्यानंतर लेखापरीक्षणातील आक्षेप. ते किती वर्षे अनुत्तरित आहेत, याची यादी मुख्याधिकाऱ्यांकडे मागा. हे सारे घेऊन आपल्या प्रभागाच्या सदस्यांना खास सभेच्या आधी भेटायचे आहे, सभेनंतर नव्हे. भेटताना आरोपाची भाषा नको. त्यांनाही कोणी हे समजावून सांगितलेले नसते.

आणि नाव देण्यापूर्वी प्रत्येकाने घरी जाऊन आपल्या घरपट्टीची व पाणीपट्टीची शेवटची पावती शोधून ठेवावी. ज्यांची वडिलोपार्जित घरे बंद आहेत त्यांनी मुंबईच्या भावंडांना आज रात्रीच दूरध्वनी करावा. पुढील बैठकीत पहिल्या रांगेतील टेबलावर आपण त्या पावत्या ठेवणार आहोत, आणि यादीतले पहिले नाव माझ्या घराचे असेल. बैठकीचा दिवस आणि वेळ कार्यवाह आता सांगतील.